साडेचार तासांचं अंतर

आई, बाबा, धाकटा भाऊ, सहा बॅगा आणि मार्चअखेरचं गारठलेलं लंडन. तीन वर्षं पैसे साठवून, एक्सेल शीट बनवून काढलेल्या फॅमिली ट्रिपची ही गोष्ट. शीटचा तिसऱ्या दिवशी बोऱ्या वाजला आणि खरी ट्रिप त्यानंतर सुरू झाली.

‘अगं, पण शनिवारी अमावास्या आहे!’

तिकिटं कन्फर्म झाल्याची बातमी मी डोंबिवलीच्या घरी पेढ्यांसकट दिली, तेव्हा आईचं पहिलं वाक्य हे होतं. थँक यू नाही, अय्या नाही. डायरेक्ट कालनिर्णय. बाबांनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, ‘परत कधी यायचं?’ अजून निघायचा पत्ता नाही आणि हे परतीचं बोलतायत! धाकट्याला फक्त लॉर्ड्स बघायचं होतं. अशी आमची टीम.

आपल्यापैकी अनेकांच्या डोक्यात हा प्लॅन असतो. नोकरी लागली, चार पैसे हातात आले की आई-बाबांना एकदा फॉरेनला न्यायचं. मग ईएमआय येतो, अप्रेझल येतं, ‘पुढच्या वर्षी नक्की’ येतं. माझं तर फ्रीलान्स काम. कधी महिन्याला पाच लेख, कधी नुसताच ‘बघतो आणि कळवतो’. तरी तीन वर्षं साठवले. घाईचं कारण एकच. आईचे गुडघे. डॉक्टरांनी जूनमध्ये उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं ठरवलं होतं. मी विचारलं, ‘त्याआधी नेऊ का?’ ते म्हणाले, ‘न्या. पण चढ-उतार टाळा.’ या वाक्याचा पहिला शब्द मी ऐकला. बाकीचे ऐकायला हवे होते, हे पुढे कळलं.

अमावास्या, ग्रहण आणि तूप

व्हिसासाठी कागद जमवताना फ्रीलान्सर असणं म्हणजे काय ते कळतं. सॅलरी स्लिप नाही, एचआरचं पत्र नाही. मी तीन वर्षांची इन्कम टॅक्स रिटर्न्स, बँक स्टेटमेंट आणि छापून आलेल्या लेखांची चळत लावली. सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसाची फी तेव्हा माणशी ११५ पौंड होती आणि पौंड एकशेदहाच्या आसपास. चौघांचा गुणाकार बाबांनी तोंडी केला आणि मग बराच वेळ ते बोललेच नाहीत.

निघायच्या आठवडाभर आधी, २१ मार्च २०२५ ला, हीथ्रोजवळच्या एका वीज सबस्टेशनला आग लागली आणि अख्खा विमानतळ जवळपास दिवसभर बंद. आईने टीव्हीचा आवाज वाढवला आणि माझ्याकडे बघितलं. अमावास्येचा मुद्दा परत टेबलावर आला. त्यात भर म्हणजे त्याच शनिवारी, २९ मार्चला, खंडग्रास सूर्यग्रहण. भारतातून दिसणार नव्हतं, त्यामुळे इथे पाळायचा प्रश्न नव्हता. पण लंडनमध्ये दिसणार होतं. म्हणजे आम्ही न पाळायच्या देशातून निघून बरोबर पाळायच्या देशात उतरणार होतो. टायमिंग बघा!

पॅकिंग हा स्वतंत्र विषय. थेपले, मेतकूट, गोडा मसाला, पोह्याचे पापड. साजूक तुपाची बरणी मात्र मी बाहेर काढली, कारण भारतातून दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेऊ देत नाहीत. ‘तूप म्हणजे काय दूध आहे का?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाबांनी माकडटोपी घेतली. मी म्हटलं, ‘बाबा, प्लीज, लंडनमध्ये ही नका घालू.’ ते म्हणाले, ‘कान माझे आहेत.’

उलटं घड्याळ

मुंबई ते लंडन साधारण दहा तास. तरुणपणी ही फ्लाइट म्हणजे दोन पिक्चर आणि एक झोप. साठीच्या माणसांसाठी ते दहा तास पाय लोंबकळत बसणं असतं. आईला दर दीड तासाने उठवून मी आइलमध्ये फिरवत होते. बाबा खिडकीतून अंधाराकडे बघत बसले होते.

उतरल्यावर बाबांनी आपलं जुनं एचएमटी घड्याळ मनगटावरून काढलं आणि उलटं धरलं. ‘हे बघ लंडनचा टाइम.’ त्यांच्या बँकेतल्या एका साहेबांनी चाळीस वर्षांपूर्वी शिकवलेली ट्रिक. काट्यांचं घड्याळ उलटं केलं की भारतापेक्षा साडेपाच तास मागची वेळ दिसते. मी चेक केलं. खरंच! आपल्याकडे साडेबारा, उलट्या घड्याळात सात. चाळीस वर्षं सांभाळलेली ट्रिक वापरायला मिळाल्यावर माणूस किती खूश होतो, ते त्या दिवशी बघितलं.

पुढची चूक माझी. पैसे वाचवायचे म्हणून महाग एलिझाबेथ लाइन सोडून मी पिकाडिली लाइन पकडली आणि ग्रीन पार्कला ज्युबिली लाइन बदलायचं ठरवलं. नकाशावर तो एक टिंब आहे. प्रत्यक्षात दोन लाइन्सच्या मध्ये संपता संपत नाहीत असे बोगदे आहेत. सहा बॅगा, आईचा गुडघा आणि मागून धावत येणारे लंडनकर. आई एकदाही ‘थांब’ म्हणाली नाही. फक्त तिचा चालण्याचा आवाज बदलला. मला ऐकू आला होता. मी म्हटलं, आता पोचतोच आहोत.

वेम्बलीत आमचा फ्लॅट दुपारी तीनला मिळणार होता आणि आम्ही साडेदहाला हजर. मग स्टेडियमसमोरच्या रुंद रस्त्यावर एका बाकावर ठाण मांडलं. ऊन लख्ख. पुण्यात डिसेंबरला पडतं तसं. पण फसवं! अंगावर पडतं आणि ऊब मात्र देत नाही, वर वारा कानात शिरतो. पाचव्या मिनिटाला मीच बाबांकडे माकडटोपी मागितली. त्यांनी दिली, काही बोलले नाहीत. हे जास्त लागलं.

अकराच्या सुमाराला सूर्याचा एक तुकडा चंद्राने झाकला. आईने थेपल्यांचा डबा बारापर्यंत उघडू दिला नाही. धाकटा समोर बसून डब्याकडे बघत होता. नव्वद हजार माणसं मावणाऱ्या स्टेडियमसमोर चार डोंबिवलीकर ग्रहण सुटायची वाट बघत बसलेले. असा फोटो कुठल्याच ट्रॅव्हल ब्रोशरमध्ये नसतो.

छत्रीची गुढी

दुसऱ्या दिवशी ३० मार्च. आमचा पाडवा आणि त्यांचं घड्याळ पुढे करण्याचा दिवस, दोन्ही एकदम. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी रात्री एकचे थेट दोन वाजतात. अंतर साडेपाचवरून साडेचार तासांवर येतं. मोबाइल आपोआप बदलले. बाबांनी सकाळी एचएमटी उलटं धरलं आणि गोंधळले. चाळीस वर्षं जपलेली ट्रिक एका दिवसात एक्स्पायर! ‘असू दे,’ म्हणाले आणि घड्याळ पुन्हा सुलट बांधलं, भारताच्या वेळेवर. आठही दिवस ते तसंच राहिलं. ‘आता घरी दूधवाला आला असेल,’ असं ते मधेच सांगायचे.

गुढीसाठी आईने खण, तांब्या आणि साखरेची गाठी आणली होती. काठी नव्हती. धाकट्याने किचनमधला झाडू आणला आणि आईचा चेहरा बघून परत नेऊन ठेवला. शेवटी फ्लॅटच्या दारामागे एक लांब लाकडी दांड्याची छत्री सापडली. तिच्यावर खण, वर तांब्या आणि खिडकीत गुढी. श्रीखंड ईलिंग रोडवरच्या गुजराती दुकानात मिळालं. त्या रस्त्यावर कोथिंबीर, कढीपत्ता, हापूसच्या पेट्यांची चौकशी, सगळं आहे. आईने दुकानदाराशी गुजराती-हिंदीत भाव केला. अर्थात पौंडात भाव होत नाही, पण तिला बरं वाटलं.

संध्याकाळी डॉलिस हिलला जाऊन महाराष्ट्र मंडळाची वास्तू बाहेरून बघून आलो. १९३२ साली स्थापन झालेलं मंडळ. बाबा म्हणाले, ‘म्हणजे माझ्या वडिलांच्या लहानपणी इथे मराठी माणसं गणपतीची वर्गणी काढत असतील.’ साडेसातपर्यंत उजेड होता. दिवस एकदम सही गेला. मला वाटलं, जमलं आपल्याला.

शून्य रेखांशावरचं भांडण

माझ्या एक्सेल शीटमध्ये तेवीस जागा होत्या. प्रत्येकीसमोर वेळ, स्टेशन, तिकीट. सोमवारी एकाच दिवशी चार : वेस्टमिन्स्टर, थेम्समधून बोट, टॉवर ब्रिज, ग्रीनिच.

नदीवरचा वारा हे वेगळंच प्रकरण आहे. बोटीच्या उघड्या डेकवर पहिल्या दहा मिनिटांत आम्ही फोटो काढले आणि उरलेला वेळ आत काचेमागे हात चोळत बसलो. टॉवर ब्रिज, १८९४ चा, डोक्यावरून गेला तेव्हा आई डोळे मिटून बसली होती. मी म्हटलं, ‘आई, बघ ना!’ तिने बघितलं.

ग्रीनिचची वेधशाळा टेकडीवर आहे. १६७५ साली स्थापन झालेली. १८८४ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत जगाचा शून्य रेखांश इथून जातो असं ठरलं आणि सगळ्या जगाची घड्याळं इथून मोजली जाऊ लागली. आपली भारतीय वेळ याच रेघेपासून साडेब्याऐंशी अंश पूर्वेला ठरते, म्हणून ते साडेपाच तास. बाबांना हे दाखवायचंच, असं माझं ठरलेलं. टेकडीचा चढ शीटमध्ये नव्हता.

अर्ध्यावर आई थांबली. कठड्याला धरून. ‘तुम्ही जाऊन या,’ म्हणाली.

‘अगं, पाच मिनिटं राहिलीत. एवढ्या लांब येऊन…’

‘तेच तर,’ बाबा म्हणाले. आवाज चढवला नव्हता. ‘एवढ्या लांब आलो ते कशासाठी? तिचा पाय बघ.’

गुडघा सुजला होता. ग्रीन पार्कपासून. दोन दिवस ती रात्री बाथरूममध्ये गरम पाण्याने शेकत होती आणि बाबांना सांगून ठेवलं होतं, पोरीला कळू देऊ नका, तिने इतका खर्च केलाय.

मला आधी राग आला. मग रडू. मी म्हटलं, ‘मग सांगायचं ना! मी काय माझ्यासाठी करतेय हे सगळं?’ हे वाक्य बोलताना मलाच कळलं की थोडंसं हो. मला ‘आई-बाबांना लंडन दाखवलं’ असं म्हणायचं होतं. त्यांना काय बघायचंय हे मी विचारलंच नव्हतं. तेवीस कॉलम भरले, एक प्रश्न नाही.

धाकटा एकटा वर जाऊन आला. मोबाइल दाखवत म्हणाला, ‘ताई, रेघेवर उभं राहिलं तरी जीपीएसमध्ये शून्य येत नाही. खरा शून्य शंभर मीटर बाजूला आहे.’ बरोबर होतं ते. उपग्रहांच्या मोजणीतली रेघ जुन्या रेघेपासून साधारण १०२ मीटर पूर्वेला जाते. त्या क्षणी मला त्या माहितीचं काही करायचं नव्हतं. पण आई हसली. ‘म्हणजे मी चढले असते ते फुकटच!’

दहा, किंग हेन्रीज रोड

त्या रात्री वरणभात खाताना मी शीट बंद केलं आणि विचारलं, ‘बाबा, तुम्हाला काय बघायचंय? खरं सांगा. “तू म्हणशील ते” चालणार नाही.’

ते बराच वेळ भात कालवत राहिले. मग म्हणाले, ‘बाबासाहेब राहायचे ते घर कुठे आहे, माहितीये का तुला?’

मला माहीत नव्हतं. त्यांना पत्ता पाठ होता.

बाबांनी बत्तीस वर्षं सहकारी बँकेत काढली, त्यातली बरीचशी कॅश काउंटरवर. नोटा मोजणाऱ्या माणसाने ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हे पुस्तक कधीतरी ग्रंथालयातून आणलं होतं. ‘अर्धं कळलं नाही,’ ते म्हणाले. ‘पण ज्या नोटा मी रोज मोजतो, त्यांच्यावर एका मराठी माणसाने लंडनमध्ये बसून एवढं लिहिलं, हे कळलं.’ मी त्यांची मुलगी. मास कॉमची डिग्री घेऊन लोकांच्या मुलाखती घेते. हे मला पहिल्यांदा कळत होतं.

बुधवारी आम्ही एकच ठिकाण ठरवलं. ज्युबिली लाइनने स्विस कॉटेज, तिथून ३१ नंबरची बस. किंग हेन्रीज रोडवर शांत, उंच घरांची रांग आहे. त्यातलं दहा नंबरचं घर. डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये इथे राहिले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून त्यांना शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं होतं. १९२० मध्ये ते पुन्हा आले. १९२१ ला एमएस्सी, १९२२ ला ग्रेज इनमधून बॅरिस्टर, १९२३ ला डीएस्सी. रुपयावरचा तो प्रबंध डीएस्सीचाच. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने हे घर विकत घेतलं. पुढे स्थानिक कौन्सिलने संग्रहालयाला परवानगी नाकारली, प्रकरण अपिलात गेलं आणि २०२० मध्ये परवानगी मिळाली.

आत त्यांची खोली मांडून ठेवली आहे. फोटो, पुस्तकं. बाबांनी दारातच माकडटोपी काढली. थंडी होती तरी.

धनंजय कीरांच्या चरित्रातली गोष्ट त्यांनी आईला सांगितली. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात वाचन, राहत्या जागी जेवण बेताचं आणि रात्री भूक लागली की कपभर बोव्हरिल आणि ओळखीच्या माणसाने दिलेले पापड. आई म्हणाली, ‘या थंडीत? नुसते पापड?’ मग थोड्या वेळाने, ‘आणि मी तुपासाठी भांडत होते.’

बाबा तासभर होते तिथे. एकही फोटो काढू दिला नाही. बाहेर आल्यावर मात्र स्वतःच म्हणाले, ‘दारासमोर एक काढ. तुम्हा तिघांसकट.’ त्या ट्रिपमधला चौघांचा तो एकच धड फोटो. रस्त्यावरच्या बाईंनी काढून दिला. मागे मॅग्नोलियाचं झाड फुललेलं आहे, पान एकही नाही, नुसती फुलं.

काहीच न करण्याचा दिवस

आईला विचारलं तर ती म्हणाली, ‘मला एका बागेत बसायचंय. बस, एवढंच.’ गुरुवारी सेंट जेम्सेस पार्क. डॅफोडिल्सचे पिवळे पट्टे, तळ्यात पेलिकन. १६६४ मध्ये रशियाच्या राजदूताने भेट दिल्यापासून इथे पेलिकन आहेत. आईला थर्मल, स्वेटर, शाल असं गुंडाळून बाकावर बसवलं, थर्मासमध्ये आल्याचा चहा. ती तीन तास बसली. उठताना म्हणाली, ‘लग्न झाल्यापासून सलग तीन तास बसलेली मला आठवत नाही. कुणी चहासुद्धा मागितला नाही.’ आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो.

धाकट्याचं लॉर्ड्स झालं. १९८३ ची बाल्कनी बघून तो आणि बाबा तासभर कपिलवरच बोलत होते. तेवीसपैकी एकूण आठ जागा झाल्या. लंडन आय नाही, मादाम तुसाँ नाही. आणि लंडनचा फेमस पाऊस? तोही नाही. २०२५ चा वसंत ब्रिटनमध्ये १९१० पासूनच्या नोंदींत सर्वाधिक सूर्यप्रकाशाचा ठरला. आम्ही नेलेल्या चार छत्र्या कोऱ्याच परत आल्या. कामाला आली ती फक्त फ्लॅटमधली एक.

ऑपरेशन जूनमध्ये झालं. फिजिओथेरपिस्ट आईकडून जिन्याच्या पायऱ्या चढवून घेतात. पहिल्या आठवड्यात ती चार पायऱ्यांवर दमायची. परवा तिने पूर्ण मजला चढला, वर पोचून कठड्याला टेकली आणि मला हाक मारली, ‘अगं, ती टेकडी राहिलीय बरं का माझी!’

बाबांनी लगेच विचारलं, ‘परत कधी यायचं?’

फॅमिलीसोबत निघताय?

• जिने टाळा. लंडन अंडरग्राउंडच्या २७२ स्टेशनांपैकी साधारण एक तृतीयांशच ठिकाणी पायऱ्यांशिवाय जाता येतं. ‘स्टेप-फ्री’ नकाशा आधी बघा आणि राहायची जागा त्यावरून निवडा. बदलताना किती चालावं लागेल तेही बघा. आमचा ग्रीन पार्क आठवा!

• बस बेस्ट. खाली वाकणाऱ्या, रॅम्प असलेल्या बस सगळीकडे आहेत. २०२५ मध्ये १.७५ पौंडांत तासाभरात कितीही बस बदलता येत होत्या. बसमध्ये रोख पैसे २०१४ पासून चालत नाहीत. प्रत्येकाचं स्वतंत्र कार्ड लागतं.

• थर लावा. एक जाड जॅकेट नेण्यापेक्षा थर्मल, स्वेटर आणि वारा अडवणारं जॅकेट असे तीन थर. मार्चअखेर सकाळी पाच-सहा अंश, दुपारी चौदा-पंधरा. कान झाका. माकडटोपीला हसू नका.

• पहिला दिवस मोकळा सोडा. फ्लॅट सहसा दुपारीच ताब्यात मिळतो. सामान ठेवायची सोय आधी विचारून घ्या.

• फुकट ते पौष्टिक. ब्रिटिश म्युझियम, नॅचरल हिस्टरी म्युझियम, नॅशनल गॅलरी यांना प्रवेश मोफत आहे. आत बाकं आहेत, हीटर आहे, स्वच्छ टॉयलेट आहेत. गारठलेल्या पालकांसाठी याहून भारी जागा नाही.

• विचारा. शीट बनवायच्या आधी प्रत्येकाला एकच प्रश्न : तुला काय बघायचंय? आणि ‘तू म्हणशील ते’ हे उत्तर मान्य करू नका.